मैदानावरची जागा

(कोल्हापूर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुली आणि फुटबॉल’ असा विषय बघून सकाळपासून तिघी-चौघींनी मला गाठलं. हुंडा, पोटगी, रेशन, गर्भलिंगनिदान हे सगळं सोडून मध्येच हा चेंडू कुठून आला? प्रश्न रास्त आहे. बाहेरगावाहून आलेल्या मैत्रिणींना तर जास्तच पडणार. कोल्हापूरच्या बायकांना तो पडू नये, कारण हंगाम सुरू झाला की घरातले पुरुष कुठे असतात हे त्यांना नेमकं माहीत असतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. या गावात फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तुम्ही इथल्या कुठल्याही सात वर्षांच्या पोराला विचारा, तो घडाघडा म्हणून दाखवील. तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, गल्लोगल्ली तालमी झाल्या, आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळे तालीम म्हणजे नुसता क्लब नाही. गणपती तालमीचा, मिरवणूक तालमीची, पेठेतली भांडणं मिटवायची ती तालमीच्या कट्ट्यावर, निवडणुकीला उमेदवार पहिल्यांदा हात जोडतो तो तिथे. कुणाच्या घरी मयत झाली तर धावून जाणारी पोरंही तालमीचीच. हे चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पेठेचा सगळा कारभार जिथून चालतो त्या कट्ट्यावर बायका बसत नाहीत. शाहू स्टेडियमवर पेठेची अब्रू पणाला लागते तेव्हा मैदानात उतरणारी अकराच्या अकरा पोरं असतात. संघासाठी बाहेरून, अगदी आफ्रिकेतून खेळाडू आणायला वर्गणी उभी राहते. त्याच पेठेतल्या मुलीला बूट घ्यायचे म्हटलं की मात्र सगळ्यांचे खिसे शिवलेले.

तेव्हा विषय फुटबॉलचा वाटला तरी तो जागेचा आहे. सार्वजनिक जागा कुणाची, संध्याकाळची वेळ कुणाची, हे प्रश्न आपण बसस्टँडवरच्या छेडछाडीच्या संदर्भात विचारतो, ते मैदानाच्या संदर्भातही विचारले पाहिजेत. आणि त्यासाठी आधी एक इतिहास सांगायचा आहे, कारण तो आपल्यापैकी फारच थोड्याजणींना ठाऊक आहे. मला स्वतःला तो एम.एस.डब्ल्यू. होईपर्यंत माहीत नव्हता.

भारताचा मुलींचा फुटबॉल संघ आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोनदा पोचलेला आहे.

टाळ्या नंतर. आधी हे कधी झालं ते ऐका. पहिल्यांदा १९७९-८० च्या हिवाळ्यात, केरळात कालिकतला. दुसऱ्यांदा १९८३ मध्ये बँकॉकला. मधे १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक. म्हणजे लागोपाठ तीन स्पर्धा, आणि तिन्हींत पहिल्या तिनांत. ‘स्त्रिया आणि खेळ’ म्हटलं की आपण ज्या पी. टी. उषाचं नाव घेतो, तिचं लॉस एंजेलिस अजून व्हायचं होतं. त्यावेळच्या संघातली बंगालची शांती मल्लिक हिला १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री फुटबॉलपटू. कुंतला घोष दस्तिदार त्याच पिढीतली.

आता या स्पर्धा भरवत कोण होतं ते बघा. पुरुषांचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ पासून होता. त्याने मुलींचं काहीही केलं नव्हतं. १९७५ साली स्वतंत्र महिला फुटबॉल महासंघ निघाला आणि मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. आशियातही तीच तऱ्हा. १९६८ मध्ये बायकांच्या फुटबॉलसाठी वेगळी आशियाई संघटना निघाली, पुरुषांच्या अधिकृत महासंघाशी तिचा संबंध नव्हता. तिने १९७५ मध्ये हाँगकाँगला पहिली स्पर्धा घेतली आणि ती जिंकली न्यूझीलंडने! न्यूझीलंड आशियात कधी आलं असं भूगोलाच्या बाईंसारखं विचारू नका. खेळायला ज्या तयार होत्या त्यांना बोलावलं, इतका साधा हिशेब होता. कालिकतच्या स्पर्धेत तर पश्चिम ऑस्ट्रेलियाचा संघ होता, आणि भारताचे एक सोडून दोन संघ होते, एक उत्तर, एक दक्षिण. त्यातला दक्षिणेचा अंतिम सामन्यात तैवानकडून २-० असा हरला.

हे अर्धवट, अनौपचारिक, पैशाची चणचण असलेलं सगळं प्रकरण होतं हे उघड आहे. पण आपल्यातल्या ज्या सुरुवातीपासून चळवळीत आहेत त्यांना १९७५ हे साल वेगळं सांगायला नको. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या आगेमागे देशभर बायकांच्या किती संघटना अशाच निघाल्या, सतरंजी आपली, चहा आपला, जायचं ते पदरचं भाडं खर्चून. त्याच हवेत कुठेतरी मुली चेंडूही लाथाडत होत्या, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनाही आपला नव्हता म्हणा.

पुढे काय झालं? १९८३ नंतर आपला संघ या स्पर्धेत दिसत नाही तो थेट १९९५ पर्यंत. बारा वर्षं. मुलगी जन्मून शाळेतून काढली जाण्याच्या वयाची होते एवढा काळ. या बारा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक, आशियाई पुरुषांच्या महासंघाने बायकांची संघटना आपल्यात घेतली, आणि नव्वदच्या सुमाराला आपल्याकडेही महिला महासंघ अखिल भारतीय महासंघात विलीन झाला. दुसरी, १९८६ मध्ये चीन पहिल्यांदा उतरला आणि पहिल्या झटक्यात जिंकला. त्यानंतर १९९९ पर्यंत प्रत्येक स्पर्धा चीननेच जिंकली, ओळीने सात. १९९१ मध्ये बायकांचा पहिला विश्वचषकही चीनमध्येच झाला.

इथे आपली एक नेहमीची मांडणी सुचते. बायकांची स्वतःची संघटना होती तोवर बरं चाललं होतं, पुरुषांच्या संघटनेत गेली आणि बुडाली. मला ही मांडणी आकर्षक वाटते, पण ती पुरती खरी नाही. कालिकतला आणि बँकॉकला चीन नव्हता, कोरिया नव्हता, जपानही नव्हता. त्या उपविजेतेपदांचं मोल मी कमी करत नाही, पण ती आजच्या मापाने मोजता येणार नाहीत. आणि स्वतंत्र महासंघाकडे पैसा नव्हता, मान्यता नव्हती, तो तसाच राहिला असता तर विश्वचषकाची दारं बंदच राहिली असती. तेव्हा विलीनीकरण चुकलं असं मी म्हणत नाही. मी विचारते ते एवढंच, की विलीन होताना आपण काय लिहून घेतलं? किती जागा, किती पैसा, वर्षाला किती सामने? आपल्या कितीतरी महिला मंडळांचं, बचत गटांचं मोठ्या संस्थांत आणि सरकारी योजनांत असंच विलीनीकरण झालं आहे. तिथेही हाच प्रश्न विचारायचा राहून गेला.

चीनने, जपानने या काळात मुलींवर खर्च केला. आपण काय केलं त्याची साक्ष बँकॉकच देईल. १९८३ मध्ये ज्या शहरात आपण अंतिम सामना खेळलो, त्याच शहरात १९९८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने आपल्याला सोळा विरुद्ध शून्य असं हरवलं. सोळा गोल! खेळणाऱ्या मुलींच्या डोळ्यांपुढे आणा. नव्वद मिनिटांत सोळा वेळा चेंडू जाळ्यातून काढून मधोमध आणून ठेवायचा. तरीही त्या खेळतच होत्या. मणिपूरची ओइनाम बेमबेम देवी पंधरा-सोळा वर्षांची असताना संघात आली आणि वीस वर्षं टिकून राहिली. १९९५ पासून २००३ पर्यंत पाच आशियाई स्पर्धांत आपण उतरलो आणि प्रत्येक वेळी गटातच बाद झालो. त्यानंतर पात्रताही मिळेना. २००९ मध्ये तर जागतिक क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नावच काढलं गेलं, कारण दीड वर्षात संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. हरल्यामुळे नाव गेलं असतं तर निदान खेळल्याचं समाधान असतं. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. मुलींची व्हायला त्यानंतर वीस वर्षं लागली.

आणि मग आलं २०२२. आशियाई चषक भारतात, तोही आपल्या महाराष्ट्रात. नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यात बालेवाडी. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता, आणि २०२३ च्या विश्वचषकाची पात्रताही याच स्पर्धेतून ठरणार होती. म्हणजे एक-दोन सामने जिंकायचे, आणि भारतीय मुली पहिल्यांदा विश्वचषकात जाण्याची शक्यता. २० जानेवारीला इराणशी पहिला सामना झाला, ०-०. आमच्या वस्तीतल्या केंद्रात दहा-बारा मुलींनी तो एका मोबाईलवर डोकी एकत्र करून पाहिला. २३ तारखेला तैपेईशी सामना. त्या दिवशी संघात कोरोना इतका पसरलेला होता की नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे करता येईनात. स्पर्धेच्या नियमानुसार भारताने माघार घेतली असं धरण्यात आलं, इराणशी झालेला सामनाही रद्दबातल ठरला. माघार! ज्या मुली खोलीत तापाने पडल्या होत्या त्यांनी ‘माघार घेतली’ म्हणे. सामना पुढे ढकलला गेला नाही. नंतर दोष कुणाचा, संसर्ग हॉटेलात आला कुठून, यावर वाद झाले आणि विरून गेले. अंतिम सामना नवी मुंबईत चीनने कोरियाविरुद्ध ३-२ असा जिंकला. तो सामना आमच्या मुलींनी पाहिला नाही.

त्या इराणच्या संघाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच आला होता. पात्रता सामन्यात त्यांची गोलरक्षक झोहरे कुदाई हिने जॉर्डनच्या पेनल्टी अडवल्या आणि संघ जिंकला. त्यावर जॉर्डनच्या संघटनेने मागणी केली की ही बाईच आहे का ते तपासा. पुरुष गोलरक्षकाने पेनल्टी अडवली तर तो वाघ. बाईने अडवली तर ती बाई नसेल! आपल्याकडे तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं २००६ मध्ये दोह्यातलं रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं गेलं, ते आठवा. बाईचं शरीर बळकट झालं की समाजाला त्याचा दाखला हवा असतो. आणि हे नवीन नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी कारखान्यांत कामाला लागलेल्या मुलींनी संघ काढले. १९२० च्या डिसेंबरात त्यांचा एक सामना लिव्हरपूलला त्रेपन्न हजार लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, हा खेळ बायकांना योग्य नाही, त्यांना मैदानं देऊ नयेत. ती बंदी पन्नास वर्षं चालली. कारण आरोग्याचं सांगितलं. खरं कारण प्रेक्षकांची संख्या असावी असं माझं मत आहे.

‘आरोग्याचं’ कारण आपल्या वस्तीतही चालतं. मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते, आणि तिथे येणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी संध्याकाळी खेळ घेते. त्यातली एक आठवीतली मुलगी, चेंडू तिच्या पायाला चिकटलेला असतो. तिची आई धुण्याभांड्याची कामं करते. एक दिवस ती मला म्हणाली, “ताई, पोरगी पळती चांगली, ते मला बी दिसतंय. पर उद्या पाय मोडला तर तिच्याशी लगीन कोन करनार? आन् त्या अर्ध्या चड्डीवर गल्लीतनं येती, लोकं मला बोलत्यात, तिला न्हाई.” या आईला मागासलेली म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिचा हिशेब चुकीचा नाही. मुलीचा पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च तीच करणार आहे, खेळातून पोट भरेल अशी नोकरी तिने कुणाला लागलेली पाहिलेली नाही, आणि बोलणारी माणसं खरंच बोलतात. आम्ही काय केलं, तर मुलींना वरून घालायला ट्रॅकपँट दिली, आणि मैदानातून घरापर्यंत चौघींनी मिळून जायचं ठरवलं. तत्त्वाला मुरड घातली असं आमच्यातली एक कार्यकर्ती म्हणाली. घातली असेल. मुलगी मात्र मैदानावर टिकली.

मुलींच्या फुटबॉलमध्ये कोल्हापूर अगदीच मागे आहे असंही नाही. २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन हंगामांत भारतीय महिला लीगमध्ये कोल्हापूर सिटी या नावाने संघ उतरला होता. या गावाने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, क्रिकेटमध्ये अनुजा पाटील दिली. पण नेमबाजीची रेंज बंदिस्त असते. फुटबॉलला उघडं मैदान लागतं, तेही संध्याकाळी, आणि संध्याकाळचं मैदान पोरांचं हे ठरलेलं. आम्ही ज्या मैदानावर जातो तिथे मुलींना दुपारी तीनची वेळ मिळाली. एप्रिलमध्ये, कोल्हापुरात, दुपारी तीन! शिवाय आसपास स्वच्छतागृह नाही. पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत, म्हणजे महिन्यातले चार-पाच दिवस गेले. मग प्रशिक्षक म्हणतात, मुली नियमित नसतात.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड आहे. आई जेव्हा “सर कसे आहेत?” असं विचारते तेव्हा ती उगीच विचारत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या परदेश दौऱ्यात सहाय्यक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला काढून टाकावं लागलं. २०२४ मध्ये गोव्यात स्पर्धेसाठी उतरलेल्या मुलींना हॉटेलात शिरून मारहाण केल्याच्या तक्रारीवरून राष्ट्रीय महासंघाच्या एका पदाधिकाऱ्याला अटक झाली. २०२३ मध्ये देशाच्या कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या ते तर सगळ्यांनी पाहिलं. कुस्तीच्या या पंढरीत त्या वेळी किती तालमींनी त्यांच्या बाजूने फलक लावला, हे तुम्ही इथल्या मैत्रिणींना विचारा.

आपल्या हातात कायदा आहे. विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये जो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला, त्यातली ‘कामाचं ठिकाण’ची व्याख्या कितीजणींनी शेवटपर्यंत वाचली आहे? त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. मुली तिथे राहत असोत वा नसोत. जिथे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा आहे. आपण बँकांत गेलो, कारखान्यांत गेलो, साखर कारखान्याच्या कार्यालयातही समितीचा फलक लागला की नाही ते पाहून आलो. स्टेडियमवर मात्र आपण गेलो नाही, कारण ती जागा आपली आहे असं आपल्यालाच वाटलं नाही.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये थायलंडमध्ये चिआंग माईला पात्रता फेरी झाली. आपल्या मुलींनी मंगोलियावर तेरा गोल केले, तिमोर आणि इराकला हरवलं, आणि शेवटी यजमान थायलंडला २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. भारत या आशियाई चषकासाठी पात्रता फेरी खेळून पात्र ठरला तो हा पहिलाच. २०२२ सारखी यजमानाची जागा नव्हती. ज्या थायलंडने १९८३ चा अंतिम सामना जिंकला होता, त्यांनाच त्यांच्या घरी हरवून ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी आमच्या त्या आठवीतल्या मुलीने मला विचारलं, “ताई, संगीता बासफोर रोज कितीला प्रॅक्टिस करते?” मला माहीत नव्हतं. दुपारी तीनला नक्कीच नाही, असं मी सांगितलं.

तर, मैदानाच्या वेळेसाठी आम्ही एक अर्ज तयार केला आहे. त्याचा मसुदा बाहेर पुस्तकांच्या टेबलावर आहे, कृपया वाचून सही करा. मागण्या चार आहेत. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलींसाठी राखीव, पाणी आणि दिवा असलेलं स्वच्छतागृह, मुलींच्या सरावाला एक तरी बाई प्रशिक्षक किंवा मदतनीस, आणि तक्रार समितीच्या सदस्यांची नावं व फोन नंबर दर्शनी भागात. पेठांमधल्या मैत्रिणींनी आपापल्या तालमीच्या अध्यक्षांचीही सही आणावी. ते देणारच नाहीत असं धरून चालू नका, दोघांनी दिली आहे. पाचची वेळ काहीजणींना अडचणीची आहे, कारण मुलींची शाळाच पाचला सुटते, असं सकाळी कुणीतरी म्हणालं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलून घेऊ आणि हवं तर साडेपाच करू.